मालकी, पावती आणि मुभा

माल पाहिल्यावाचून मोल देऊ नये, हा धडा मी शाळेत शिकलो नाही. तो आमच्या वडिलांनी बेळगावच्या रविवार पेठेतील दुकानाच्या ओट्यावर शिकविला. मालाची गाडी दारात लागली की पोत्याला टोचून मूठभर दाणे हातावर घ्यावेत, ते फुंकून पाहावेत, एखादा दाणा दाताखाली धरून ओल किती आहे ते अजमावावे, मग वजन करावे, मग भाव ठरवावा आणि सर्वांत शेवटी थैलीला हात घालावा, असा त्यांचा क्रम असे. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी गादीवर बसलो, त्यास आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण धान्याच्या बाबतीत हा क्रम मी कधी मोडला नाही.

परंतु गेल्या तीस वर्षांत आपल्या पेढ्यांतून आणि घरांतून जो पैसा बाहेर जातो, त्यांतील बराचसा भाग अशा वस्तूंवर खर्च होतो की ज्या हातावर घेऊन पाहता येत नाहीत. हिशेबाची आज्ञावली, म्हणजे ज्यास मुले सॉफ्टवेअर म्हणतात ती. डीमॅट खात्यातील समभाग. मोबाइलवर दिसणारे चित्रपट, ऐकू येणारी गाणी. या सर्वांचे पैसे आपण देतो, ते वेळेवर देतो, आणि पुष्कळदा आपोआप कापून जाऊ देतो. मात्र पैसे देऊन हाती काय आले, हा प्रश्न धान्याच्या व्यापाऱ्यानेसुद्धा विचारू नये, ही नवलाची गोष्ट आहे. मी तो विचारला नाही आणि त्याचे फळ मला मिळाले. ती हकीगत सांगून मगच पुढील विचार मांडतो.

२०१८ साली माझ्या पुतण्याने आग्रह धरला. तो म्हणाला, "काका, आता वह्या नकोत आणि दुकानातल्या संगणकावरही काही नको. हिशेब दूरच्या यंत्रावर राहील, तुम्ही घरी बसून मोबाइलवर पाहाल." वर्षाची वर्गणी माफक होती. मी होकार दिला. तीन वर्षे काम उत्तम चालले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पुढे वर्गणी वाढली, दुसरी सेवा स्वस्त वाटली, आणि २०२१ मध्ये आम्ही पहिली सोडली. चालू बाक्या तेवढ्या नव्या ठिकाणी उतरवून घेतल्या. वर्षभराने कर कचेरीतून पत्र आले. २०१८-१९ सालच्या छापाच्या डाळींच्या काही खरेद्यांचा तपशील मागितला होता. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अखेरच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. मागणी रास्त होती. पण हिशेब कोठे होता? जुनी सेवा बंद केल्यानंतर ठरावीक दिवसांनी आमची सर्व माहिती पुसली गेली होती. तसे त्यांच्या अटींत लिहिले होते आणि त्या अटी मान्य असल्याचे बटण आम्हीच दाबले होते. यात त्यांचा दोष काय?

माझी ती रात्र झोपेवाचून गेली. सकाळी आमचे दिवाणजी कपाटामागून तीन जाड गठ्ठे घेऊन आले. दर महिनाअखेर त्यांनी रोजमेळ आणि खतावणी कागदावर छापून, सुतळीने बांधून ठेवली होती. त्यांच्या या कागद-खर्चाबद्दल मी चारचौघांत त्यांची थट्टा केलेली होती. ते एवढेच म्हणाले, "मालक, वही आपल्या घरात असावी असे थोरल्या मालकांनी सांगितले होते. यंत्रातली वही आपल्या घरात नव्हती." माझ्या मनात जो गोंधळ होता तो त्या एका वाक्याने निवळला. हिशेब आमचा होता, पण वही आमची नव्हती. वहीत लिहिण्याची मुभा मात्र आम्ही वर्षावर्षाने घेतली होती.

तेव्हापासून मी पैसे देऊन मिळणाऱ्या गोष्टींचे तीन वर्ग करतो. पहिला मालकीचा, दुसरा पावतीचा आणि तिसरा मुभेचा. तिन्ही वर्ग जुनेच आहेत. नवी यंत्रे आल्यामुळे त्यांची सरमिसळ तेवढी झाली आहे.

मालकी

मालकीचा वर्ग समजण्यास सोपा. आमच्या घरी वडिलांनी घेतलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत. भारतात पहिले ध्वनिमुद्रण कलकत्त्यास १९०२ साली झाले, त्यानंतर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या घरोघर पोचल्या. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. पण ती तबकडी एकदा घरी आली की ती घरचीच. ती शेजाऱ्यास ऐकावयास द्यावी, जुन्या बाजारात विकावी, मुलीला सासरी जाताना द्यावी. कंपनीला विचारण्याचे कारण नाही. कंपनी बुडाली तरी गाणे बुडत नाही.

यात एक सूक्ष्म भेद मात्र आहे. तबकडी आमची, गाणे आमचे नव्हे. तिच्या प्रती काढून विकण्याचा अधिकार आम्हास नाही. आपल्या देशाचा प्रताधिकाराचा कायदा १९५७ सालचा आहे आणि वस्तू व कृती यांतील हा भेद त्याच्या मुळाशी आहे. अमेरिकेत या भेदाची कसोटी १९०८ सालीच लागली. एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत छापले होते की ती एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये. एका मोठ्या दुकानाने ती कमी किमतीस विकली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने निर्णय दिला की प्रत एकदा विकल्यावर पुढील विक्रीच्या किमतीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. व्यापाऱ्यास हे सांगावयास नको. मी विकलेली ज्वारी पुढे कोणी कोणत्या भावाने विकावी हे ठरविणारा मी कोण?

पावती

दुसरा वर्ग पावतीचा. येथे वस्तू आपल्या हातात नसते, पण ती आपली आहे असे सांगणारी नोंद असते. आपल्या वाडवडिलांना हा वर्ग नवा नव्हता. हुंडी ती हीच. दर्शनी हुंडी दाखविताच पटावी, मुदती हुंडी मुदतीस पटावी, आणि शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहासच मिळावेत, म्हणजे ती चोरली तरी चोराच्या कामाची नाही. हुंडी गहाळ झाली तर तिची पेठ लिहून देत. पेठही गहाळ झाली तर परपेठ. कागद हरवला म्हणून हक्क हरवू नये, याची योजना त्या लोकांनी किती विचारपूर्वक केली होती! आज संकेतशब्द विसरलेला माणूस जेव्हा हवालदिल होतो, तेव्हा मला परपेठेची आठवण होते.

धान्याच्या धंद्यात गोदामाची पावतीही तशीच. २००७ च्या वखार कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीस परक्राम्य दस्तऐवजाचा दर्जा दिला, आणि आता ती पावती संगणकावरही असते. माल सांगलीच्या गोदामात, पावती बेळगावच्या व्यापाऱ्याच्या खात्यात आणि तिच्यावर कर्ज बँकेचे, असा व्यवहार सुरळीत होऊ शकतो. मात्र पावतीची किंमत तिच्या पाठीमागे असलेल्या मालाएवढीच. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात ज्यांच्या पाठीमागे रोखेच नव्हते अशा बँक-पावत्या फिरत होत्या. २०१३ च्या जुलैअखेर नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांचे देणे थकले, तेव्हाही गोदामांत दाखविलेला माल प्रत्यक्षात तितका नव्हता, असे चौकशीत दिसून आले. ज्यांनी पावत्या घेतल्या त्यांत आपल्यासारखे मुरलेले व्यापारीही होते. व्याजाचा दर आकर्षक होता, म्हणून पोत्याला टोचून पाहण्याचे भान सुटले.

समभागांविषयी माझे मत अनेक वर्षे चुकीचे होते, हे येथे कबूल करतो. छापील, शिक्क्याचे प्रमाणपत्र तिजोरीत असले की मालकी पक्की, आणि डीमॅट म्हणजे हवेतली गोष्ट, असे मी मानीत असे. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा झाला, त्याच वर्षी मुंबईस पहिली डिपॉझिटरी सुरू झाली, तरी पुढे कित्येक वर्षे मी त्या वाटेस गेलो नाही. माझे थोरले बंधू २०२१ मध्ये निवर्तले आणि माझा भ्रम दूर झाला. त्यांच्या ट्रंकेत जुनी प्रमाणपत्रे निघाली. कोठे नाव आद्याक्षरांनी लिहिलेले, कोठे आडनावच नाही, सही तीस वर्षांपूर्वीची, पत्ता सोडलेल्या घराचा. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या कागदी समभागांचे हस्तांतर बंद झालेले. वारसाच्या नावे करण्याचा मार्ग खुला असतो, पण तो प्रतिज्ञापत्रांचा आणि हेलपाट्यांचा. काही कंपन्यांचा लाभांश सात वर्षे कोणी घेतलाच नव्हता; कायद्याप्रमाणे ते समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले होते आणि ते परत मागण्यास निराळा अर्ज करावा लागला. वहिनींनी दोन वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. उलट, ज्या एका डीमॅट खात्यात बंधूंनी वहिनींचे नामनिर्देशन करून ठेवले होते, ते समभाग अल्पावधीत त्यांच्या नावे झाले.

म्हणजे कागद हातात असूनही हक्क दूर राहिला, आणि हातात काही नसताना हक्क घरी आला. डीमॅटमध्ये व्यवहाराच्या सोयीसाठी डिपॉझिटरीचे नाव नोंदणीत मालक म्हणून असते, परंतु लाभांश, मतदान आणि मालकीचे सर्व लाभ खातेदाराचेच असतात, असे कायद्याने स्पष्ट केले आहे. तेव्हा ही मुभा नव्हे. ही खरी पावती आहे. तिचे बळ तीन गोष्टींत आहे: पाठीमागे खरी वस्तू आहे, नोंद ठेवणारा कायद्याने बांधलेला आहे, आणि आपल्या पश्चात ती कोणाकडे जावी हे लिहून ठेवता येते.

यासंबंधी आणखी एक गोष्ट सभासदांनी ध्यानात ठेवावी. २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की समभागांचे नामनिर्देशन हे मृत्युपत्राची जागा घेत नाही. नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती समभाग येतात, पण अंतिम मालकी वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे अथवा मृत्युपत्राप्रमाणे ठरते. म्हणून नामनिर्देशन करावेच, आणि मृत्युपत्रही करावे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

मुभा

आता तिसरा वर्ग. माझ्या पिढीला 'लायसन' हा शब्द प्रथम भेटला तो रेडिओमुळे. रेडिओ विकत घेतला तरी तो ऐकण्याचे लायसन पोस्टात वर्षाला पैसे भरून घ्यावे लागे. १९८० नंतरच्या दशकात ती पद्धत बंद झाली. यंत्र आपले, ऐकणे परवान्याचे. १९५५ साली पुणे आकाशवाणीने गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रसारित केले. ते ठरल्या वेळी ऐकले तर ऐकले, चुकले तर चुकले. पण त्याबद्दल कोणाचा गैरसमज नव्हता. आपण रेडिओवरचे गाणे विकत घेतले असे कोणी समजत नसे.

गैरसमज सुरू झाला तो मुभेच्या व्यवहारास 'खरेदी' हे नाव मिळाले तेव्हा. संगणकाची आज्ञावली ही पोत्यासारखी वस्तू की तबकडीतील गाण्यासारखी कृती, हा वाद फार जुना आहे. १९७६ मध्ये अवघ्या वीस वर्षांच्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींस जाहीर पत्र लिहून तक्रार केली, की तुम्ही यंत्राचे पैसे देता आणि आज्ञावली मात्र फुकट नकलून घेता. आपल्याकडे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश राज्य यांच्यातील खटल्यात ठरविले, की तबकडीवर घालून तयार विकली जाणारी आज्ञावली हा 'माल' आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागतो. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की परदेशी कंपनीची आज्ञावली वापरण्यासाठी दिलेले पैसे हे स्वामित्वशुल्क नव्हे, कारण घेणारास प्रत वापरण्याची परवानगी मिळते. प्रताधिकारातील कोणताही हिस्सा मिळत नाही. दोन्ही निर्णय करासंबंधीचे आहेत. तथापि आपणास त्यांतून बोध घेता येतो. पेटी आपली, आतील कृती दुसऱ्याची, आणि ती कशी वापरावी हे परवान्याच्या अटी सांगणार.

जोवर पेटी तरी आपली होती तोवर फारसे बिघडत नव्हते. जुनी आज्ञावली जुन्या यंत्रावर दहा वर्षे चाले. पण आता पुष्कळ कंपन्यांनी पेटी देणेच बंद केले. छायाचित्रे व छपाईच्या कामासाठी छापखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांची निर्माती अडोबी कंपनी २०१३ पासून वर्गणीच्या पद्धतीवर गेली. वर्गणी चालू तोवर काम चालू. करमणुकीतही तेच. २००९ च्या जुलैत अमेझॉनने किंडल नावाच्या वाचनयंत्रावरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या हातातील यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते म्हणून. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखाने जाहीर क्षमाही मागितली. पण विकलेल्या पुस्तकाची रक्कम ठेवून दुकानदार रात्री आपल्या घरातून ते पुस्तक घेऊन गेला, असे छापील पुस्तकाच्या बाबतीत कोणी कल्पनेत तरी आणले असते काय? आपल्या देशात २०२३ च्या मार्चअखेर एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या. वर्षाची वर्गणी भरलेल्या प्रेक्षकांची मालिका अर्धवट राहिली. तेथे विकत घेतलेले काही नव्हतेच. बघण्याची मुभा होती, ती तेवढ्यापुरती संपली.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा अमलात आणला आहे. दुकानदार चित्रपट, पुस्तक वा खेळ संगणकावरून देताना 'विकत घ्या' असे म्हणत असेल आणि प्रत्यक्षात परवानाच देत असेल, तर तसे त्याने ग्राहकास स्वच्छ सांगितले पाहिजे. मला हा कायदा फार आवडला. त्यात मुभेला बंदी नाही. मुभेस मालकी म्हणून खपविण्यास बंदी आहे. आपल्या पेठेच्या भाषेत सांगावयाचे तर, दुय्यम प्रतीचा तांदूळ विकणे गुन्हा नव्हे. त्यास पहिल्या प्रतीचा म्हणणे गुन्हा आहे.

मुभेची निंदा करण्याचा मात्र माझा हेतू नाही. गोदाम भाड्याने घेणारा व्यापारी काही मूर्ख नसतो. वर्गणीत सोय आहे, थोड्या भांडवलात काम सुरू होते, आणि नियम बदलले की आज्ञावलीही बदलून मिळते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले. त्या दिवशी ज्याची आज्ञावली अद्ययावत होती त्याची बिले बिनचूक निघाली. आपल्या अनेक सभासदांकडे असलेल्या टॅलीचा जन्मही व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याजोगी हिशेबाची आज्ञावली मिळेना, म्हणून १९८६ च्या सुमारास त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ती बंगळुरात तयार केली. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. अशा कष्टांचे मोल दिलेच पाहिजे.

हे लिहिताना मान खाली जाते, कारण १९९७ च्या सुमारास आमच्या दुकानातील पहिल्या संगणकावर हिशेबाची जी आज्ञावली होती ती चोरटी प्रत होती. यंत्र जोडून देणाऱ्या मुलाने ती 'भेट' म्हणून घालून दिली आणि मी ती घेतली. अचौर्याचा पाठ आपल्या घरांतून बाळपणापासून ऐकला जातो. चोरीचा माल घेऊ नये हे त्या व्रतातच येते. पण दाण्याची चोरी डोळ्यांना दिसते, नकलेची दिसत नाही, एवढ्यावर मी मनाचे समाधान केले. पुढे त्या प्रतीतून रोग शिरून दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या, आणि रीतसर परवाना घेतला तो त्यानंतर. नुकसान झाले म्हणून शहाणपण आले, याचाच मला अधिक खेद वाटतो.

ज्यास परवान्याचा खर्च झेपत नाही त्यास चोरीवाचून मार्ग नाही, असेही नव्हे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये संकल्प सोडला, की जी वापरण्यास, उघडून पाहण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास सर्वांस मोकळीक असेल अशी आज्ञावली-संपदा उभी करावयाची. १९८९ मध्ये त्यांनी एक सर्वसामान्य परवाना सिद्ध केला. त्याचे मर्म असे, की ही मोकळीक पुढील घेणारासही दिलीच पाहिजे. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा रचला आणि पुढे तोच परवाना त्यास लावला. आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतो. पत्रे व तक्ते यांसाठी लिब्रे ऑफिस, दुहेरी नोंदीच्या हिशेबासाठी ग्नूकॅश, ही साधने विनामूल्य आणि निर्धोकपणे मिळतात. हीही मुभाच, परंतु अटी पाळणाऱ्याकडून ती मागे घेतली जात नाही. धर्मशाळा आणि हॉटेल यांत जो फरक, तसाच हा फरक समजावा. मात्र करविवरणाची जोडणी वगैरे सोयी त्यांत आपल्या गरजेइतक्या असतीलच असे नाही, हेही पाहून घ्यावे.

या स्मरणिकेचेच एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वीच्या एका अंकाचा मजकूर संपादक मंडळास पुन्हा हवा होता. तबकडी सापडली, पण तो मजकूर एका विशिष्ट जुन्या मराठी अक्षरसंचात टंकित केलेला होता आणि तो अक्षरसंच आता कोणाकडे नव्हता. पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी उमटली. अखेर एका सभासदाच्या घरून छापील अंक आणून मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकित करावा लागला. युनिकोड ही सर्वांस खुली अक्षरव्यवस्था असल्यामुळे यापुढे तसा प्रसंग येऊ नये.

वहीपूजनाच्या दिवशी करावयाचे काम

गेली तीन वर्षे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजन झाल्यावर मी एक कागद लिहितो. डाव्या बाजूस आपण ज्यांचे पैसे देतो त्या सर्व गोष्टी. पुढे मालकी, पावती की मुभा. त्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे. समोरच्याने दार बंद केले तर माझ्या हाती काय राहील? माझी वस्तू, माझा हिशेब मला दुसरीकडे नेता येईल काय? आणि मी उद्या नसलो तर घरातील कोण हे उघडू शकेल? पहिल्या वर्षी कागद लिहिताना तिसऱ्या प्रश्नापुढे सतरा ठिकाणी मला रिकामी जागा सोडावी लागली. दुकानाच्या आज्ञावलीची नोंदणी काम सोडून गेलेल्या एका मुलाच्या ई-पत्त्यावर होती. पत्नीला माझ्या डीमॅट खात्याचे नावही ठाऊक नव्हते. तीन सेवांची वर्गणी दरमहा जात होती आणि त्या घरात कोणी पाहत नव्हते.

आता महिनाअखेर हिशेबाची एक प्रत दुकानातील वेगळ्या तबकडीवर, एक घरी, आणि रोजमेळ कागदावर, असा आमचा नियम आहे. कायदेशीररीत्या घेतलेल्या आज्ञावलीची राखीव प्रत ठेवण्यास प्रताधिकार कायद्याचीही मुभा आहे, हे अनेकांस ठाऊक नसते. चित्रपटांची वर्गणी आम्ही ठेवली आहे. नातवंडे आनंदाने पाहतात आणि मीही पाहतो. ती करमणुकीची मुभा आहे, तिच्याकडून तेवढीच अपेक्षा. परंतु आमच्या आईच्या आवाजातील ओव्यांची जी एकमेव फीत आहे, तिची नक्कल करून ती तीन घरांत ठेवली आहे. ती कोणाच्याही वर्गणीवर सोपविण्याची वस्तू नव्हे.

पुतण्यावर माझा राग नाही. नवे साधन आणले तो त्याचा गुण. अटी न वाचता होकार दिला तो माझा दोष. आता तोच दर महिन्याला दिवाणजींच्या शेजारी बसून कागद छापतो आणि सुतळीची गाठ कशी मारावी हे त्यांच्याकडून शिकतो. दिवाणजींची क्षमा मी त्याच दिवशी, दुकानातील सर्वांसमक्ष मागितली, कारण थट्टाही सर्वांसमक्षच केली होती.

सभासद बंधुभगिनींना विनंती एवढीच, की येत्या वहीपूजनास असा एक कागद आपापल्या घरी लिहावा, आणि तो एकट्याने लिहू नये; पत्नी, मुले व सुना यांना शेजारी बसवून लिहावा.